पाळीची खाट

“खोलीत रात्री तुमच्यासोबत कोण झोपतं?” दवाखान्यातल्या सिस्टरने त्याच्या क्षयाच्या कागदावरून मान वर न करता विचारले.

“कोणी नाही. मी एकटाच.” पुस्तके बांधणारा तो गृहस्थ क्षणभर थांबला; अर्धे सत्य त्याच्या जिभेला रुचत नसे. “म्हणजे रात्री मी, दिवसा मामा. खाट एकच आहे, पाळीची.”

मामा नात्याने त्याचे कोणीच नव्हते. ते गोदामावर रात्रीचा पहारा करीत, आणि हा दिवसभर छापखान्यामागच्या बांधणीखात्यात पुठ्ठे कापी, खळ लावी, पाने शिवी. संध्याकाळी एकाने उठावे आणि दुसऱ्याने टेकावे, अशा बोलीवर घरमालकीण मावशीने ती खोली दोघांना दिली होती. भेट व्हायची ती उंबरठ्यावर. “आपल्या दोघांपेक्षा ही खाटच जास्त राबते रे,” मामा म्हणत, “मेलीला एक दिवस सुट्टी नाही.” तो आडवा होई तेव्हा गादी अजून उबदार असे. परक्या शहरात आपल्यासाठी कोणीतरी अंथरूण ऊन करून ठेवले आहे, अशा कृतज्ञतेने त्याचे डोळे मिटत.

“मामा खोकतात का?”

“छे. ठणठणीत आहेत. उंबरठ्यावर तरी कधी ऐकलं नाही.”

“खिडकी आहे ना खोलीला? क्षय गादीतून लागत नाही, हवेतून लागतो. कोंडलेल्या खोलीत खोकणारा निघून गेला तरी त्याचा खोकला मागे राहतो.”

त्याने मान खाली घातली. खिडकी एकच होती, गॅलरीत उघडणारी. आणि ती त्यानेच स्वहस्ते बुजवली होती. थंडीच्या दिवसांत मामा म्हणाले होते, “दिवसा उजेड डोळ्यांत घुसतो रे, झोप म्हणून लागत नाही. तुझ्या हातात कला आहे. बघ काही जमलं तर.” त्याने जाड पुठ्ठ्याचे दोन थर आणले, कडांना कापडी पट्टी दिली, आणि एखादी पोथी बांधावी तितक्या निष्ठेने ती खिडकी बांधून काढली. किरणही आत येऊ शकला नाही, वारा तर दूरच. मामांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला होता. त्या स्पर्शाने त्याला वडिलांची आठवण झाली होती.

“मुलंबाळं?”

“एक मुलगी. गावी असते, आईपाशी.” मग त्याचा आवाज उतरला. “मागच्या महिन्यात जाऊन आलो. माझ्या छातीवरच झोपते ती. खाली ठेवली की जागी होते.”

सिस्टरचे पेन थांबले. “दोघींना उद्याच बोलवून घ्या. तपासू. इतक्या लहान मुलांच्या बाबतीत थांबून चालत नाही.”

बायकोला फोन करून तो औषधाच्या खिडकीपाशी आला. रांगेत पुढे एक ओळखीची पाठ होती. त्या माणसाने वळून पाहिले आणि मफलर नाकावर ओढला; पण उशीर झाला होता.

“मामा, तुम्ही?”

“हळू बोल जरा.”

“कधीपासून?”

“थंडीच्या आधीपासून.” मामा फरशीकडे पाहत राहिले. “गोळ्यांनी मळमळतं रे. पहाऱ्यावर उभं राहवेना, म्हणून मध्येच सोडल्या. आता परत चालू केल्यात.”

“मला बोलला नाहीत.”

“मावशीला बोललो होतो. तीच म्हणाली, गप्प बसा. त्याला कळलं तर तो गाशा गुंडाळेल, आणि असा सरळ माणूस पुन्हा मिळायचा नाही.”

सणावारी गावी निघताना तो मावशीच्या पाया पडत असे. ते सारे नमस्कार आता कुठे ठेवावेत, हे त्याला कळेना.

“आणि खिडकी?” एवढेच त्याने विचारले.

रांग एक पाऊल पुढे सरकली, तरी मामा जागचे हलले नाहीत. “उजेडाचं काही नव्हतं रे. पहारेकऱ्याला भर उन्हातसुद्धा झोप लागते. गॅलरीत दिवसभर बायका बसलेल्या असतात. खोकला त्यांना ऐकू गेला असता, तर मावशीचंही काही चाललं नसतं; दुपारपर्यंत माझी ट्रंक रस्त्यावर आली असती.”

“माझी मुलगी उद्या येतेय मामा. तपासायला.”

मामांचा हात सवयीने त्याच्या डोक्याकडे उचलला गेला, आणि अर्ध्या वाटेवर तसाच राहिला.

त्या दुपारी, दुसऱ्याच्या पाळीत, तो प्रथमच खोलीत शिरला. मामा खाटेच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्याने पुठ्ठ्याच्या कडेला नखे घातली; पण काम चोख झाले होते, पट्टी सुटेना. अखेर त्याने चामडे तासायची सुरी काढली आणि आपलेच काम पापुद्र्या-पापुद्र्याने उकलले. शेवटचा तुकडा खाली पडला, तसा उजेड सरळ गादीवर येऊन बसला. बाहेर गॅलरीतल्या गप्पा थांबल्या.

मामांना खोकला आला. त्यांनी सवयीने तोंडावर मूठ दाबली. मग काय वाटले कोण जाणे, त्यांनी मूठ काढली, मफलरचे टोक तोंडाशी धरले आणि मनमोकळे खोकले.

“मी दुसरीकडे बघतो कुठे,” ते म्हणाले.

खाली पडलेले तुकडे तो गोळा करीत राहिला.

दिवेलागणीला मामा काठी घेऊन कामावर निघाले. उंबरठ्यावर दोघे नेहमीसारखेच एकमेकांना वाट देण्यासाठी बाजूला झाले, आणि क्षणभर कोणीच पुढे झाले नाही. ते गेल्यावर त्याने चटई उचलून गॅलरीत अंथरली. मुलगी त्याला पाहताच दोन्ही हात पसरून धावत येते, थेट छातीशी. उद्या आपण कुठे उभे राहावे, तिला लांबूनच कोणत्या शब्दांत थांबवावे, याचा विचार करीत तो बसून राहिला.

आत उघड्या खिडकीतून वारा रिकाम्या गादीवरून वाहत होता. ज्या खाटेला आजवर गार व्हायला कधी सवड मिळाली नव्हती, ती हळूहळू गार पडत गेली.