साखरपाण्यातला खडू

मी शनिवार पेठेतला वार्ताफलक बोलतोय. जरा कान देऊन ऐका, कारण सध्या माझ्या तोंडावर एक फ्लेक्स ताणून बांधलाय आणि आतून आवाज फारसा बाहेर पडत नाही.

एका सुताराने सागाच्या फळ्या जोडून, फटींत लांबीचा लगदा भरून आणि वर काळा रंग देऊन मला तयार केलं. मग गणपती मंडळाच्या कार्यकर्त्यांनी युसूफभाईंच्या शिलाईच्या दुकानाशेजारच्या भिंतीत बोल्ट ठोकून मला बसवलं. तेव्हापासून मी एकाच दिशेला बघतोय. समोर रस्ता, पलीकडे एक जुनी इमारत आणि तिच्या पहिल्या मजल्यावरची एक खिडकी. मान वळवायची सोय सुताराने केलेली नाही.

माझ्या तळाशी तैलरंगात लिहिलं होतं, 'सौजन्य : हिंदुरावदादा'. हे मंडळाचे अध्यक्ष, बांधकामाचा मोठा व्यवसाय. बाकीचा मजकूर रोज ओल्या फडक्याने पुसला जायचा, मागे उरलेल्या फिकट खुणा नव्या मजकुराखाली दबायच्या, हे नाव तेवढं कायम राहायचं.

लिहायचे दीनानाथकाका. शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. सकाळी युसूफभाईंच्या पायरीवर बसून वर्तमानपत्रं वाचायची, त्यातलं सार माझ्यावर उतरवायचं आणि शेवटी पेठेतली एक बातमी द्यायची, हा त्यांचा नेम. खडू आदल्या दिवशी साखरपाण्यात भिजवून ठेवत. त्याने अक्षर पांढरंशुभ्र उठतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा हात लागला तरी हलत नाही. दुधाची पिशवी हातात घेऊन लोक मला वाचायला थांबत. एखादा म्हणे, "काका, तिसरी ओळ उतरणीला लागलीय." काका मागे न बघता म्हणत, "तुम्ही चढणीवरून वाचा."

पेठेच्या बातमीत काका नुसतं नाव कधी लिहीत नसत. कुठली गल्ली, कुणाची कोण, काय करते, सगळं हवं. "वाचून कोण ते कळलं नाही, तर ती बातमी कसली?" असं ते म्हणायचे, आणि पेठेला ते पटायचं.

समोरच्या खिडकीत मैना राहायची. तिची आई मथुराबाई मंडईजवळ फुलं विकायची. मूळची वारज्याची, नवरा गेल्यावर मुलीला घेऊन इथे भाड्याने आलेली. मैना टायपिंगची परीक्षा पास झाली तेव्हा काकांनी लिहिलं, 'आपल्या पेठेतील, मंडईतील फुलवाल्या मथुराबाईंची कन्या मैना टायपिंग परीक्षेत उत्तीर्ण. अभिनंदन!' त्या सकाळी ती खिडकीत वेणी घालता घालता मला वाचत राहिली. मथुराबाईने खाली येऊन माझ्या कोपऱ्यात शेवंतीचं फूल खोचलं. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

पुढे मैना हिंदुरावदादांच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. वर्षभरातच ती खिडकी बंद राहू लागली.

मग एका सकाळी वर्तमानपत्रात छोटी बातमी आली. 'शहरातील एका तरुणीने नोकरीच्या ठिकाणी अत्याचार झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदवली असून तपास सुरू आहे.' एवढंच. श्यामला नावाच्या वार्ताहर बाईंनी ती दिली होती. काकांनी ती दोनदा वाचली. दादांच्या कचेरीपुढे पोलिसांची जीप उभी होती, हे आदल्या दिवशीच पेठभर झालं होतं. काकांना बातमी अपुरी वाटली. त्यांनी ती पूर्ण केली.

'आपल्या पेठेत टायपिस्टचे काम करणाऱ्या, मंडईतील फुलवालीच्या मुलीची एका प्रतिष्ठित व्यक्तीविरुद्ध अत्याचाराची तक्रार. पेठेत खळबळ.'

स्टुलावरून खाली उतरून त्यांनी लांबून बघितलं आणि समाधानाने हात झटकले. नाव लिहिलेलं नव्हतं. कायदा पाळला होता.

मला ओरडायचं होतं. माझं तोंड त्या खिडकीकडे आणि ते शब्द माझ्या तोंडावर. खिडकीची झडप बोटभर उघडली, आत कुणीतरी क्षणभर उभं राहिलं, आणि झडप लागली. ती घरात अडकली होती आणि मी भिंतीत.

एवढी गर्दी माझ्यापुढे निवडणुकीच्या निकालालाही झाली नव्हती. लोक आधी मला वाचत आणि मग वळून वर बघत. एका सायंदैनिकाचा छायाचित्रकार माझा फोटो काढून गेला.

दुपारी मथुराबाई मंडईतून तशीच धावत आली. कुणी गिऱ्हाइकाने तिला सांगितलं होतं. तिने पदर घेतला आणि मला पुसायला लागली. अक्षर हलेना. साखरपाण्यातला खडू होता तो.

"मास्तर, ह्ये जात न्हाई," ती रडत म्हणाली. "तुमीच लिवलंय, तुमीच काढा. माझी पोर वर बसलीय. तिला सगळं दिसतंय."

काका पायरीवरून उठले. "अहो, पण मी नाव घातलेलं नाही," ते म्हणाले. त्यांनी बादली आणून मला ओल्या फडक्याने धुतलं. मी काळाभोर झालो. मथुराबाईने श्वास सोडला. पण उन्हाने मी वाळत गेलो तशी अक्षरं पुन्हा उगवली, फिकट पण वाचता येतील अशी. पुन्हा धुतलं, पुन्हा उगवली. शेवटी युसूफभाईंनी दुकानातलं अस्तराचं कापड आणून माझ्यावर टांगलं.

संध्याकाळी सायंदैनिकात माझा फोटो छापून आला. भिंतीवरच्या मला झाकता आलं, कागदावरच्या मला कोण झाकणार?

दुसऱ्या दिवशी श्यामलाबाई आल्या. कापड वर करून त्यांनी मला वाचलं.

"नाव मी लिहिलेलं नाही," काका म्हणाले.

"काका, नाव सोडून तिचं सगळं लिहिलंत. आणि त्यांचं मात्र काहीच नाही, नुसतं प्रतिष्ठित."

"मग तुम्ही तरी त्यांचं नाव कुठे छापलंत?"

"नाही छापलं. छापलं असतं तर कचेरीवरून तीही कळली असती. आणि गुन्हा झाला की नाही हे कोर्ट ठरवेल. पण तोपर्यंत तिला घराबाहेर पडता आलं पाहिजे ना? आज तिला पोलिसांकडे जबाब द्यायचा होता. ती गेली नाही. दारात शेजारी उभे आहेत, बघायला."

काकांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "मी उद्या फलकावर जाहीर माफी मागतो."

"नका मागू. काल ज्यांनी वाचलं नाही, ते विचारतील, माफी कसली? पुन्हा तेच सगळं होईल."

काकांचा चेहरा तेव्हा मी अगदी जवळून पाहिला. जन्मभर ज्या माणसाने चूक झाली की पुसून नव्याने लिहायला मुलांना शिकवलं, त्याला यातलं काहीच करता येत नव्हतं. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

त्याच दिवशी त्यांनी काळा रंग आणून मला वरपासून खालपर्यंत रंगवलं. हात थांबला नाही, तळाचं सौजन्यही त्यात गेलं.

मंडळाचे कार्यकर्ते आले. "काका, दादांवरच्या खोट्या आरोपांचा निषेध लिहायचाय. मोठ्या अक्षरात."

"रंग ओला आहे."

"कधी वाळेल?"

"माझ्या हयातीत वाळेल असं वाटत नाही," काका म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

त्या आठवड्यात मथुराबाई मैनाला घेऊन वारज्याला आपल्या भावाकडे निघून गेली. टेम्पोत बसताना मैनाने तोंड ओढणीने झाकलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, आणि तिने का बघावं? मला मात्र तिच्याकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

काकांनी माझ्यावर पुन्हा लिहिलं नाही. पण पायरीवरचं वाचन सुटलं नाही. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी ते एका बातमीपाशी थांबले आणि युसूफभाईंना वाचून दाखवू लागले, 'अत्याचार प्रकरणातील तक्रारदार तरुणीने न्यायालयात साक्ष दिली. पुढील सुनावणी महिनाअखेरीस.' खाली श्यामलाबाईंचं नाव होतं.

"कोण हो ही?" युसूफभाईंनी मशीन थांबवून विचारलं.

काकांनी बातमी पुन्हा वाचली. पेठ नव्हती, मंडई नव्हती, फुलं नव्हती.

"काही कळत नाही," ते म्हणाले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "वाचून कोण ते अजिबात कळत नाही. उत्तम बातमी आहे."

निकाल काय लागला, मला माहीत नाही. माझ्यावर तो कुणी लिहिला नाही.

काका आता नाहीत. माझा रंग कधीच वाळला, पण खडूने लिहायला कुणी आलं नाही. माझ्या चौकटीचा उपयोग आता फ्लेक्स बांधायला होतो. सध्याच्या फ्लेक्सवर हिंदुरावदादांना वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत. त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यामागे मी अंधारात उभा आहे, आणि माझ्या रंगाखाली ती अक्षरं. बाहेर मोबाइलवर तसलंच काहीतरी क्षणात लिहून, क्षणात पाठवून लोक मोकळे होतात, हे मी नुसतं ऐकतो.

बाबांनो, माझ्यावर लिहिणाऱ्याची पाठ नेहमी त्या खिडकीकडे असायची. तोंड फक्त माझं होतं. तुम्ही कुणाबद्दल लिहायला बसाल तेव्हा हात उचलण्याआधी एकदा मागे वळून बघा, खिडकीत कोण उभं आहे. मला वळता येत नाही. तुम्हाला येतं.