पाईक फॉल्सची चौथी खेळाडू

उल्हासने जेवताना बातमी सांगितली तेव्हा उत्तराचा घास हातातच राहिला.

"मिनेसोटाच्या अगदी वरच्या टोकाला एक गाव आहे, पाईक फॉल्स. वस्ती जेमतेम नऊशे. तीन वर्षं त्यांना डॉक्टर मिळत नाहीये. मी हो म्हणालोय," असं म्हणून तो आमटीच्या वाटीत बघत बसला.

"म्हणालायस, की म्हणू का असं विचारतोयस?"

"म्हणालोय."

पार्सिपनीत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. उल्हास चौसष्ट वर्षांचा, एका मोठ्या हॉस्पिटल ग्रूपमध्ये डॉक्टर. तिथे दर बारा मिनिटांनी नवा पेशंट, आणि त्या बारांतली नऊ मिनिटं कॉम्प्युटरवर टाइप करण्यात जायची. "निवृत्तीआधीच्या दोन वर्षांत तरी माणसांच्या तोंडाकडे बघून बोलू दे मला," तो म्हणाला. उत्तराला त्याचं म्हणणं कळत होतं, हीच खरी पंचाईत होती. तिने स्वतः गेल्याच वर्षी इन्शुरन्स कंपनीतली नोकरी सोडली होती आणि पुढचे बेत पक्के केले होते: मंडळाच्या नाटकाच्या तालमी, गणपतीची सजावट आणि रोज सकाळी मैत्रिणीबरोबर, प्रतिमाबरोबर, तळ्याभोवती चालणं.

सांता क्लाराहून मुलाचा, निहारचा, फोन आला. "आई, बाबा इज हॅविंग अ क्रायसिस. जस्ट लेट हिम बाय अ स्पोर्ट्‌स कार."

शेवटी तह झाला. पार्सिपनीचं घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं. उत्तराने एप्रिलपर्यंत राहून बघायचं. नाहीच जमलं तर ती परत येईल आणि प्रतिमाच्या बेसमेंटमध्ये राहील. प्रतिमाने लगेच तिथला पलंगही झाडून ठेवला.

ऑक्टोबर संपता संपता ते पोचले, तेव्हा गावात बर्फ आधीच येऊन बसलं होतं. एक रस्ता, एक पेट्रोल पंप, दोन चर्च, एक शाळा आणि गोठू लागलेलं एक भलंमोठं तळं. गावच्या छोट्या हॉस्पिटलने दिलेलं घर निळ्या रंगाचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पायरीवर काचेचं भांडं, त्यात बटाटे आणि चीज घालून भाजलेला काहीतरी पदार्थ, सोबत लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड. चिठ्ठीवर एवढंच होतं: 'यात मीट नाही. वेलकम.'

"यांना कसं कळलं आपण मीट खात नाही ते?" उत्तराने विचारलं.

"इंटरव्ह्यूच्या वेळी लंचला विचारलं होतं मला."

"म्हणजे अख्ख्या गावाला माहीत आहे!"

भांडं घासून झालं, पण ते रिकामं परत करणं तिच्या हातून होणारं नव्हतं. तिने रव्याचे लाडू वळले, भांड्यात भरले आणि मालक शोधायला निघाली. पहिल्या घरी तिला आत ओढून कॉफी पाजली. भांडं त्यांचं नव्हतं. दुसऱ्या घरी कॉफी आणि केक. भांडं त्यांचंही नव्हतं. तिसऱ्या घरातल्या आजोबांनी तिला तळघरात नेऊन बारा वर्षांपूर्वी पकडलेला, भुसा भरून भिंतीवर टांगलेला मासा दाखवला. चौथ्या घराचं दार उघडलं ते सहा फूट उंचीच्या, पांढरे केस पोरांसारखे बारीक कापलेल्या शहात्तर वर्षांच्या बाईने. तिचं नाव आर्लीन. चाळीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती.

"अगं, ते भांडं कुणाचंच नाही," आर्लीन म्हणाली. "तीस वर्षं गावभर फिरतंय. आता तुझ्याकडे आलं, पुढे कुणाची गरज दिसली की भरून द्यायचं. आणि हे गोळे कसले?"

तिने एक लाडू उभ्याउभ्याच खाल्ला. मग दुसरा. मग उत्तराला आपादमस्तक न्याहाळत तिने विचारलं, "तुला झाडता येतं का?"

उत्तराचे कान तापले. एवढ्या थंडीत स्वतःहून लाडू घेऊन आले, आणि ही मला झाडलोट करायला ठेवणार? "माझ्या घरापुरतं येतं," ती ताठ होऊन म्हणाली.

"मग झालं तर! मंगळवारी चार वाजता न्यायला येते."

आर्लीन कर्लिंगबद्दल बोलत होती, हे मंगळवारी कळलं. गावाच्या टोकाला पत्र्याची एक लांबलचक शेड होती, आत बर्फाच्या चार गुळगुळीत पट्ट्या. वीस किलोच्या आसपास वजनाचा, वर दांडा असलेला ग्रॅनाइटचा गोल दगड एका टोकाहून घसरवत सोडायचा आणि पलीकडच्या रंगीत वर्तुळांच्या मध्यापाशी थांबवायचा. दगड जात असताना दोघीजणींनी त्याच्यापुढे ब्रशने बर्फ खसाखसा घासायचं, म्हणजे तो लांब आणि सरळ जातो. हेच ते झाडणं. एका संघात चौघी लागतात. आर्लीनच्या संघातली चौथी मुलीकडे अ‍ॅरिझोनाला राहायला गेली होती. उरलेल्या दोघी म्हणजे लायब्ररी सांभाळणारी जोन आणि गाई पाळणारी कार्ला.

पहिल्या पंधरा मिनिटांत उत्तरा दोनदा आपटली. दोन्ही वेळा आजूबाजूच्या पट्ट्यांवरच्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. "आम्ही सगळे असेच पडलो," जोन तिला उठवत म्हणाली. "न पडणाऱ्यांवर आमचा विश्वास नसतो."

तासाभराने ती पट्ट्यांच्या टोकाला असलेल्या काचेमागे दम खात बसली आणि दुसऱ्यांचा खेळ बघू लागली. एका दगडाने दुसऱ्याला टिचकी मारल्यासारखं ढकललं, तो तिरका सरकत वर्तुळात जाऊन बसला. उत्तरा पुढे झुकली. मिरजेच्या घरात, मे महिन्याच्या दुपारी, तीन भावांशी भांडत ती कॅरम खेळायची. पुढे विद्यापीठाच्या टीममध्ये खेळली, लग्न झालं, अमेरिकेला आली आणि ते सगळं मागे पडलं. आता तिच्या बोटांना आपोआप खाज सुटली. इथे बोर्डाच्या कडा नव्हत्या, रिबाउंड नव्हता. पण कट तोच होता.

डिसेंबर मात्र जड गेला. चार वाजताच अंधार पडायचा. पारा उणे अठ्ठावीसवर गेला. गाडी बंद ठेवली की तिचं इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर विजेच्या प्लगला जोडून ठेवायची. "अजून खरी थंडी कुठे सुरू झालीय!" असं प्रत्येक जण इतक्या उत्साहाने सांगायचा, जणू ती कुणी लाडकी पाहुणी होती. उल्हास मजेत होता. एकेका पेशंटशी पाऊण तास बोलायचा, संध्याकाळी घरी येऊन त्यांच्या गाईंची आणि जावयांची नावं सांगायचा. उत्तरा ऐकायची. एका दुपारी प्रतिमाने मंडळाच्या नाटकाचे फोटो पाठवले. जी भूमिका उत्तराची ठरली होती ती हिरवा शालू नेसून मंडळातलीच मंजुषा करत होती. उत्तरा ओट्याला टेकून मनसोक्त रडली. एप्रिलला किती आठवडे उरले ते तिने कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. मंगळवार होता. तिचे लाल डोळे आर्लीनने बघितले. गाडीत बसल्यावर म्हणाली, "माझा नवरा गेला त्या वर्षी मी डिसेंबरात फ्रिजशी बोलायचे. फ्रिज ऐकून घेतो, पण उलट उत्तर देत नाही, म्हणून कर्लिंग क्लबात यायला लागले." उत्तराला हसू आलं. त्या दिवशी तिने इतकं झाडलं की जोनला तिच्यामागे धावावं लागलं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी बायकांची स्पर्धा होती. आठ संघ आले होते, त्यातला एक सीमेपलीकडून, कॅनडातून. आर्लीनचा संघ पडत, धडपडत, एकदा तर समोरच्यांच्या चुकीमुळे, पण फायनलला पोचला. काचेमागे निम्मं गाव बसलं होतं. उल्हाससुद्धा जाडजूड जॅकेटात, शेजारच्या आजोबांनी दिलेली कानटोपी घालून.

शेवटचा दगड आर्लीनचा होता. कॅनडावाल्यांचा एक दगड वर्तुळाच्या ऐन मध्याजवळ बसलेला, त्याच्यापुढे त्यांचाच दुसरा दगड पहाऱ्याला. जरा डावीकडे, अलीकडे, यांचा एक दगड निरुपयोगी पडलेला.

"पहाऱ्याला वळसा घालून जाते," आर्लीन म्हणाली.

"नाही," उत्तरा म्हणाली.

तिघी तिच्याकडे बघायला लागल्या. चार महिन्यांत तिने एकदाही मत दिलं नव्हतं.

"वळसा घालायला जागा नाही. आपल्याच दगडाच्या डाव्या गालाला मारा. तो उजवीकडे आत जाईल आणि त्यांच्या दगडाला बाहेर काढेल."

"किती डावीकडे?"

उत्तराने हातमोजा काढला आणि दोन बोटं वर धरली. "एवढं."

आर्लीनने त्या बोटांकडे बघितलं, मग उत्तराच्या तोंडाकडे. "कार्ला, वर्तुळापाशी जा. नेमासाठी ब्रश धर, ही सांगते तिथे."

दगड सुटला. "झाडा!" कार्ला ओरडली, आणि उत्तरा आणि जोन तुटून पडल्या. उत्तराच्या छातीत भाता चालल्यासारखं होत होतं. खट्. आर्लीनच्या संघाचा पडलेला दगड उजवीकडे सरकला, मध्यावरच्या दगडाला भिडला, त्याला मागे रेटलं आणि स्वतःही थोडा बाजूला गेला. काचेमागून आरोळी उठली. ज्यांचा दगड मध्याच्या जास्त जवळ ते जिंकणार, आणि दोन्ही संघांचे दगड मध्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर थांबले होते, इतके सारखे की मोजायला पंचाची पट्टी आणावी लागली. काचेमागे सगळे उठून उभे राहिले.

कॅनडावाल्या एका बोटाच्या रुंदीने जिंकल्या.

आर्लीनने उत्तराला उचलून गरकन फिरवलं, जणू जिंकल्याच होत्या. इथे जिंकलेल्यांनी हरलेल्यांना आधी पेय आणून द्यायचं अशी रीत होती, म्हणून कॅनडाची कर्णधार स्वतः हॉट चॉकलेट घेऊन आली. "हा शॉट कुणी सुचवला?" तिने विचारलं. तिघींनी एकदम उत्तराकडे बोट दाखवलं. "पुढच्या वर्षी हिला घरी ठेवा," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

निघायची वेळ झाली तेव्हा खरी मजा झाली. कोट चढवून, टोप्या घालून सगळे दारात उभे राहिले आणि तिथेच नव्याने गप्पा सुरू झाल्या. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचा गुडघा, उद्याचं बर्फ. पंचवीस मिनिटं झाली तरी कुणी हलेना. उल्हास जॅकेटात घामाघूम. "हे तर आपल्यासारखेच निघाले," तो मराठीत पुटपुटला.

क्लबची सेक्रेटरी वेंडी हातात कागद घेऊन गर्दीतून आली. "मंगळवारी बर्फावर पाणी मारून पट्ट्या तयार करायला पुढच्या सीझनला कोण येणार? ऑक्टोबरपासून."

"मी," उत्तरा म्हणाली, आणि आडनावाचं स्पेलिंग सांगू लागली. देवस्थळी लिहिताना वेंडीचं दोनदा चुकलं, तरी तिने धीराने तिसऱ्यांदा सांगितलं.

गाडी तळ्याकाठच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना उन्हात बर्फ लखलखत होतं. उल्हास अगदी जपून, हळूच म्हणाला, "ऑक्टोबर?"

"समोर बघून चालव," उत्तरा म्हणाली, "पुढे हरीण आहे."