अगं, बंद कर आता

"मॅडम, हा तपासून झाला. झाकण लावू का?"

वहिनींनी विचारलं आणि तिच्या काळजात बारीक सुई गेली. सहा वर्षं वहिनी तिला "अगं" म्हणत आल्या होत्या. अगं, डोकं चालव. अगं, आधी दोन घास खा, कंपनी कुठे पळून जात नाही. गेल्या सोमवारपासून मात्र "अहो मॅडम". भांडण नाही, अबोला नाही, कामात कणभर खोट नाही. नुसता एक शब्द बदलला होता, आणि रोजच्या घरात कुणीतरी उंबरा वर उचलून ठेवावा तशी ती दर वेळी अडखळत होती.

"लावा," ती म्हणाली.

रविवारच्या पुरवणीत तिची मुलाखत आली होती. 'एकटीने उभं केलं', असा मथळा आणि पाव पानभर फोटो. वेळ झाली की गोळीची आठवण करून देणारा औषधांचा बोलका डबा काढणारी, भागीदाराशिवाय कंपनी चालवणारी ती. भागीदार नव्हता, हे खोटं नव्हतं. कंपनीच्या अर्जातल्या सहसंस्थापकाच्या रकान्यात तिनेच सहा वर्षांपूर्वी आडवी रेघ मारली होती. पण डब्याच्या पोटातलं घड्याळ मास्तरांचं होतं. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करून घरी बसलेले मास्तर 'चार दिवस येतो' म्हणून आले ते गेलेच नाहीत. आणि डब्याचा आवाज वहिनींचा.

वहिनी वरच्या मजल्यावर राहायच्या. तारा जोडायला म्हणून उतरल्या आणि बोलू लागल्या. रेकॉर्डिंगला पैसे कुठले? वहिनींच्या कपड्यांच्या कपाटात पांघरुणं लटकवून, त्यांत दोघी दाटीवाटीने उभ्या राहिल्या होत्या. घामाने निथळत, हसू दाबत. वहिनींचा आवाज म्हणजे उन्हात वाळलेली मऊ चादर. आजारी माणसाने अंगावर ओढून घ्यावी असा.

मुलाखत घेणाऱ्या मुलीने जाता जाता विचारलं होतं, "आणि हा गोड आवाज तुमचाच ना?"

ती हसली होती. एवढंच. नुसतं हसली होती. छापून आलं, 'त्यांच्याच आवाजात.'

"माझं कोपर आलंय फोटोत," मास्तर सोमवारी म्हणाले होते. "बायकोने बरोबर ओळखलं. म्हणाली, तुमचंच, स्वेटर तिथेच उसवलाय." सगळे हसले. वहिनीही हसल्या. पुरवणीची नीट चौकोनी घडी घातली, तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "छान आलंय हो, मॅडम."

"आहे का कुणी?" दारातून आवाज आला. एक आजोबा उभे होते. काखेत कापडी पिशवी, खिशातून डोकावणारं कात्रण.

"या ना, आजोबा."

ते खुर्चीवर टेकले. पिशवीतून डबा काढला. अगदी पहिल्या दोनशेंपैकी, पिवळा पडलेला, कोपरे झिजलेला. "सेलची स्प्रिंग ढिली झालीय. मधेच मुका होतो. तेवढं करून द्या. बाकी काही बदलू नका हं! नवा देतो म्हणाल, तो नको मला."

"कोण घेतं औषधं? तुम्ही?"

"आमची ही घ्यायची. गेल्या महिन्यात गेली." ते सहज बोलल्यासारखे बोलले आणि चष्मा पुसू लागले. "घरात आता हाच बोलतो. तीन वेळा. तेवढ्यापुरतं वाटतं, कुणीतरी आहे."

तिने डबा वहिनींच्या टेबलावर नेऊन ठेवला. वहिनींनी मान वर न करता तो उघडला.

आजोबांनी कात्रण उलगडलं. "तुम्हीच ना या? हिला फार भेटायचं होतं तुम्हाला. डोळ्यांनी दिसत नव्हतं ना तिला, आवाजावरच जीव. एकदा बोलता का? तेच, चारच्या गोळीचं. मी घरी जाऊन तिच्या फोटोला सांगेन, भेटून आलो म्हणून."

खोलीत मास्तरांचा चिमटा वाजायचा थांबला. आत्ता सांगावं, तिला वाटलं. चार शब्दांचं काम. पण आजोबांनी चष्मा नीट बसवून, हात गुडघ्यांवर ठेवून, मान कलती केली होती. आणि तिची जीभ पुरवणीतल्या फोटोसारखी हसरी होऊन बसली.

"चला, चारची गोळी," ती म्हणाली. "घोटभर पाणी घ्या. सावकाश गिळा."

आजोबांनी कलती मान सरळ केली. मग अतिशय हळुवारपणे म्हणाले, "सर्दी झालीय का तुम्हाला?"

तिला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

"हो, कालपासून घसा बसलाय त्यांचा," वहिनी तिकडून म्हणाल्या. "म्हटलं वाफ घ्या, तर ऐकतील तर शपथ."

आजोबांनी मान वळवली. वहिनींच्या वाकलेल्या पाठीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग तिच्याकडे. थोड्या वेळाने, जणू वेगळाच विषय काढावा तसे बोलले, "आमच्या डब्यात शेवटी एक दुधाचं वाक्य आहे. तुम्हाला ठाऊक असेल."

ठाऊक होतं. गॅसवर दूध ठेवून वहिनी कपाटात शिरल्या होत्या. कापायचं राहून गेलेलं ते वाक्य पहिल्या दोनशे डब्यांबरोबर घरोघर गेलं. पुढच्या डब्यांतून तिनेच ते काढून टाकलं होतं.

"आमची ही रोज हसायची त्याला. रोज! तीन वर्षं. आणि म्हणायची, अहो, दोघी आहेत बघा तिथे. एक बोलतेय, आणि एक कुणीतरी शेजारी उभी आहे. मी म्हणायचो, असेल बुवा. ती म्हणायची, असेल काय, आहेच. माया असल्याशिवाय असं खेकसत नाही कुणी."

स्प्रिंग बसली. वहिनींनी झाकण अर्धवट मिटलं आणि थांबल्या. ऐकवल्याशिवाय डबा दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा इथला नियम. तिनेच केलेला, पहिल्या दिवशी.

"मॅडम," वहिनी हळूच म्हणाल्या, "हा तसाच देऊ का बांधून? झालाय नीट."

डोळ्याला डोळा दिला नाही त्यांनी. बाहेर पडायची फट मात्र दाखवली, अगदी अलगद. ज्याला आपण सावलीत ठेवलं, त्यानेच आपल्यावर छत्री धरावी, याहून मोठं ओझं ते कोणतं?

"नाही, वहिनी," ती म्हणाली. "ऐकवा."

वहिनींनी बटण दाबलं.

"चला, चारची गोळी. घोटभर पाणी घ्या. सावकाश गिळा." खोली भरून गेली. मग जरा खुडबुड, कपड्यांची सळसळ, कुणाचंतरी दाबलेलं हसू, आणि मग तोच आवाज, घाईचा, लटक्या रागाचा, "अगं, बंद कर आता, दूध उतू जाईल!"

आजोबांच्या ओठांवर हसू आलं आणि डोळे भरले.

"आजोबा, मघाशी मी खोटं बोलले," ती म्हणाली. तिचा आवाज खरोखरच बसला होता. "सर्दी नाही मला. आवाज यांचा आहे. पेपरातलंही खरं नाही."

आजोबा उठले. वहिनींच्या टेबलापाशी गेले, हात जोडले. वहिनी गडबडून उभ्या राहिल्या, हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच.

मग आजोबांनी मागे वळून विचारलं, "मग ती 'अगं' कोण?"

मास्तर खाली बघत होते. तिने वहिनींकडे पाहिलं.

"ती मी होते," ती म्हणाली.

वहिनी खाली बसल्या. पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या, डबा जवळ ओढला, चार स्क्रू तळहातावर घेतले.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "झाकण लावू का?"