अडकलेला जॉइंट

कुंडल गावात घरासमोर वीरधवल ट्रक जॅकवर उचलून, चाक काढून खाली शिरला होता. स्टेअरिंगचा गंजलेला बॉल जॉइंट निघत नव्हता, म्हणून तो पडल्यापडल्या हातोड्याचे घाव घालत होता. त्याची बायको दीपमाला बॅटरीचा उजेड धरून बाजूला बसली होती. घावांच्या हादऱ्यांनी जॅक मातीत तिरका होत चाललेला तिला दिसला.

"आवं, भायेर या! जॅक सरकतोय!"

ठोकण्याच्या आवाजात त्याला ऐकूच गेलं नाही. तिनं बॅटरी टाकली, त्याचे दोन्ही पाय धरले आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओढलं. तो बाहेर येतो न येतो तोच ट्रक धाडकन खाली बसला.

वीरधवल उठला. जॉइंट अजून तसाच होता.

"ऱ्हाऊ द्या त्यो," ती रडत म्हणाली. "मिस्त्रीला बोलवा."

त्यानं मिस्त्रीला फोन लावला.