चौदाशे बारा जागा

दुपारी अडीच वाजता दीपिकाला विज्ञानकोशाच्या फाइलमध्ये पहिला ‘स्थानकक’ सापडला.

तिने डोळे चोळले. ‘पेशीमध्ये स्थानकक असते.’ केंद्रक हवं होतं. पुढे ‘अभिस्थानकी बल’, त्यापुढे ‘गुरुत्वस्थानक’.

काल कोशाचे संपादक अप्पा यांनी फर्मान काढलं होतं: इंग्रजी ‘स्टेशन’ला कोशभर एकच प्रतिशब्द, स्थानक. मग ते हवामानाचं असो की विजेचं. चौथ्यांदा मुद्रितं तपासून शिणलेल्या दीपिकाने वाद न घालता ‘केंद्र’ दिसेल तिथे ‘स्थानक’ कर, असं संगणकाला सांगितलं, त्याच फाइलवर सेव्ह केलं आणि ती वरळीला घरी जाऊन झोपली. एम.एस्सी. झालेल्या मुलीला केंद्रक आठवू नये!

गिरगावातल्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत अप्पा भिंग घेऊन खिडकीपाशी बसले होते. बावीस वर्षं ते हा विज्ञानकोश रचत होते. काचबिंदूने डावा डोळा गेला होता, उजव्याची डॉक्टर खात्री देत नव्हते. छापलेला कोश स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

तिने लालबागच्या छापखान्यात लॅन्सला फोन केला.

“पाचला फाइल नाय आली ना दीपिका, तर मशीनवर कॅलेंडरं चढतात. मग डायरेक्ट जानेवारी.”

चौदाशे बारा जागा. सरसकट उलटं फिरवायची सोय नव्हती; मुळातली स्थानकंही त्यात मिसळली होती. तशीच फाइल पाठवली, तर अप्पांना आज कळणारही नव्हतं.

“अप्पा, माझ्याकडून घोटाळा झालाय.” तिने सगळं सांगितलं.

“अभिस्थानकी?” अप्पा म्हणाले. “हे बल दादरला थांबतं का गं?”

हसू कुणालाच आलं नाही.

“फर्मान माझंच होतं म्हणा. हवामान स्थानक म्हणतं का कुणी?”

“केंद्रच म्हणतात. विजेचंही केंद्रच. आणि जमीनमोजणीवाले कोन मोजायची दुर्बीण, थिओडोलाइट, जिथे उभी करतात, ते त्यांचं ‘स्टेशन’ म्हणजे नुसता बिंदू असतो.”

“काल का नाही बोललीस?”

“दमले होते, अप्पा.”

“मीही.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “किती दिवस लागतील?”

“एकेक जागा वाचायची, म्हणजे आठवडा.”

“लॅन्सला सांग, जानेवारी.”

“पण तुमचा डोळा...”

“गेला तर तू वाचून दाखव. चुकीचं छापलेलं मला बघायचं नाही. चल, ‘अ’पासून.”

दीपिकाने फोन उरकला. ती पाणी प्यायली आणि वाचायला लागली, “अंतराळ स्थानक.”

“ते राहू दे,” अप्पा डोळे मिटून म्हणाले. “पुढचं.”