चिंगीनं खाल्लेली तार

अबे ऐका तं खरं, चहा मंग घ्या! हिवरखेडले माही जाईबाई मावशी हाये ना, तिच्याकडे कडबा कापाची कुट्टी मशीन हाये. तीन वर्षांआधी त्याच मशीननं तिच्या करंगळीचं पेर नेलं. म्हणून मी, म्हंजे पायल, अन् माह्यासंग शिकणाऱ्या स्वप्निलनं आपल्या अमरावतीच्या लॅबमंदी एक डबी बनवली. काम सोपं. पात्यावरचं झाकण उघडलं का मोटर बंद, लावलं का चालू. झाकणापाशी स्विच, तिथून लांब तार, अन् तारेचं टोक डबीतल्या चिपच्या एका पायाले, म्हंजे पिनले. झाकण लागलं तं स्विच त्या पायाले वर धरते, उघडलं तं खाली. अन् आमी एवढे शहाणे, डबीवर चिठ्ठीच चिकटवली: झाकण उघडा, मशीन आपोआप बंद. मेन बटन दाबाची गरज नाही.

मागच्या शनिवारी आमी दोघंबी तिथंच. मावशीनं अडकलेलं ज्वारीचं धांडं काढाले झाकण उघडलं, मोटर थांबली. तिनं हात आत नेला अन् मशीन एकदम घर्रकन सुरू! हात वाचला, बांगडी गेली. काच उडून माह्या पायापाशी पडली.

मावशीनं मेन बंद केलं अन् म्हणे, "पायले, काढ तुही डबी. डबी नव्हती तवा मी भेत तरी होती."

"नाई काढत! काढली तं तू पुन्हा उघड्या पात्यात हात घालशीन."

"मंग आजच्या आज कर. संध्याकाळी म्हशींले कुट्टी लागते. तवरक नाई झालं तं मीच उपटून फेकीन."

मोटरची वायर काढून ठेवली, लॅपटॉप लावला, तो पाय काय सांगून राहिला ते पाह्यलं. एक, शून्य, शून्य, एक. झाकण तं उघडंच, सारे शून्य पाह्यजे! अन् मी डबीजवळ हात नेला का आकडे आणखीनच नाचे.

"तुह्या अंगात भूत हाये का व?" स्वप्निल म्हणे. मंग तो तारेच्या मागं मागं गेला अन् तिकून बोंबलला, "पायले, बकरीनं खाल्ली!"

तार आमी गव्हाणीवरून नेलती, सुतळीनं बांधत बांधत. सुतळीले कडब्याचा वास. मावशीच्या बकरीनं, चिंगीनं, सुतळीसंग तारबी चावली. मंग चिपचा पाय कुठंच जोडलेला नाई, नुसता लोंबकळून राहिला, अन् आजूबाजूचं काहीबी खरं मानून राहिला. मावशीचा हात तुटलेल्या टोकाजवळ गेला, त्याले वाटलं झाकण लागलं!

"जोडू अन् पाइपात टाकू," स्वप्निल म्हणे. "झालं."

"अन् पाइपात उंदरानं खाल्ली तं? तार तुटली हे डबीले सोता कळलं पाह्यजे."

मंग काय केलं, पायालेच दोनदा विचाराचं. चिप आतूनच त्याले हलकंसं वर ओढू शकते, हलकंसं खालीबी. वर ओढलं, वाचलं. खाली ओढलं, पुन्हा वाचलं. स्विच जोडलेला असन तं तो पायाले घट्ट धरते, दोन्ही बार उत्तर तेच. अन् जिकडे ओढलं तिकडे जाते, तो लोंबकळता! तसं दिसलं का मोटर बंद, लाल लाइट चालू; नाई तं हिरवा.

चावलेल्या जागी तार जोडली अन् प्रोग्राम लिवला. डबीपाशी तार उपटली, लाल! मी नाचतच मावशीले बोलावलं. तिनं डबीकडे पाह्यलंबी नाई. सरळ तिकडच्या टोकाले गेली, स्विचपाशी, अन् तिथून तार ओढून काढली.

हिरवा. हिरवाच राहिला.

"बकरी डबीपाशी नाई खात व," मावशी म्हणे. "इकडे खाते."

तिकडे म्हशी हंबरून राहिल्या, इकडे माह्या डोक्याचा भुगा. मी म्हटलं, हलाचं नाई इथून. डबीपाशी तोडली का पकडते, दूर तोडली का नाई, फरक काय? फरक तारेचाच! तीस फूट तार अजून पायाले लटकलेली. लांब पाइपातलं पाणी जसं लगेच नाई उतरत, तसा तिच्यातला चार्ज. मी खाली ओढून लगेच वाचून राहिली, तं मले आधीचंच उत्तर भेटून राहिलं!

"थांबाचं," मी ओरडली. "ओढल्यावर थांबाचं!"

"किती?" स्वप्निल म्हणे.

"सेकंदाचा हजारावा भाग बहोत झाला."

एक ओळ टाकली. लाल.

मंग तार अन् मोटर जोडली. मावशीनं मेन चालू ठेवून तार स्विचपाशून ओढली, मधातल्या जोडावरून सोडवली, डबीपाशून उपटली. दर खेपी मोटर बंद. झाकण उघडून आत लांब धांडं खुपसलं, डबीभोवती हात फिरवला. पातं हललं नाई. दहा बार तरी केलं असन बाईनं.

"राहू दे डबी," म्हणे.

कुट्टी सुरू झाली. अर्ध्यात धांडं अडकलं, तं मावशीनं आधी मेन बंद केलं, मंग झाकण उघडलं.

"मावशे, आता गरज नाई न त्याची!"

"तू त्या पायाले दोनदा विचारतं ना? मंग मी बी दोनदा पाह्यन."

मी तशीच गेली, डबीवरची आमची चिठ्ठी खरवडून काढली, अन् नवी लावली: आधी मेन बंद करा.