मालकिणीची हजेरी

“अजून एकदा, डोन्या ओतिलिया. जरा दाबून.”

“बाळा, याहून दाबलं तर तुझं यंत्र भिंतीपलीकडे जाऊन पडेल.”

यंत्राने पुन्हा तांबडा दिवा लावला. हजेरीची यंत्रं बसवणं हा माझा धंदा. पिताल गावातल्या या अननसाच्या कारखान्यात सकाळपासून दोनशे अकरा जणांचे ठसे घेतले होते, आणि घोडं अडलं ते ओतिलियापाशी. एकतीस वर्षं ती अननस सोलत होती, तेही उघड्या हातांनी, कारण हातमोज्यात सुरी निसटते. अननसाचा रस कातडी खातो हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण किती खातो, ते मी त्या दिवशी पाहिलं. पडद्यावर तिचा अंगठा मोठा केला, तर एक रेघ नाही. घासलेल्या बशीसारखा गुळगुळीत.

मॅनेजर डॉन फेर्मिन पाठीशी उभा होता; इथे मानाने बाईला डोन्या आणि पुरुषाला डॉन म्हणतात. पूर्वी एकेक जण पाच-पाच जणांची कार्डं लावायचा, म्हणून कार्डं त्याने बंदच करून टाकली होती. “सोमवारपासून ज्याचा ठसा नाही, तो कामावर नाही,” तो म्हणाला.

ठसा किती जुळला की चालेल, ती पातळी मी उतरवत उतरवत अगदी तळाला नेली. हिरवा दिवा लागला! बायकांनी टाळ्या वाजवल्या. खात्री करायला मी माझाच अंगठा टेकवला. पुन्हा हिरवा, आणि पडद्यावर नाव ओतिलियाचं.

“झालं! उद्यापासून सोलायला तूच ये,” डॉन फेर्मिन म्हणाला. सगळे हसले. ती हसली नाही. पेन्शनला तिची चार वर्षं उरली होती.

पातळी पुन्हा वर चढवली आणि एकेक बोट घेत गेलो. नऊ झाली, नऊही वेळा तांबडा दिवा. दहावं तिने एप्रनखाली लपवलं होतं.

“ती राहू दे रे. ती मालकीण आहे आमची.”

डाव्या हाताची करंगळी. लहानपणी गाईच्या दोरीत सापडून मोडलेली, तेव्हापासून न वाकणारी. सोलताना ती कायम वर, रसापासून लांब. काम न करणारी ती ‘मालकीण’, म्हणून सगळ्या बायका ओतिलियाची टर उडवायच्या.

“ठेवा तरी.”

हिरवा दिवा लागला. मी पडदा तिच्याकडे वळवला. रेघांना लागून रेघा, मधे इवलासा भोवरा. तिने चष्मा चढवला.

“हे माझं?”

“तुमचंच. जगात दुसऱ्या कुणाचं नाही.” माझा आवाज आपोआप खाली आला होता, देवळात येतो तसा. हजारो ठसे पाहिलेला मी, पण त्या दिवशी अंगावर काटा आला.

“सगळी बोटं अशीच होती?”

“असणार, डोन्या.”

तिने आपला गुळगुळीत अंगठा पडद्यावरच्या भोवऱ्यावरून फिरवला. “नऊ जणांनी राबायचं आणि हजेरी मालकिणीची,” एवढंच म्हणाली.

यंत्र राखीव म्हणून दुसरं बोट मागत होतं. मी ती अट काढून टाकली.

सोमवारी पहाटे यंत्र नीट चालतंय ना, ते बघायला मी दाराशी उभा होतो. ओतिलियाने करंगळी टेकवली, हिरवा दिवा लागला. ती पुढे सरकली नाही. उरलेली बोटं तिने एकेक करून, सावकाश, काचेवर ठेवली. यंत्र नऊ वेळा नाही म्हणालं. मागच्या रांगेतून कुणीही घाई केली नाही.